एकच ‘पॉवर’, पण शक्ती किती?

काही दिवसांपूर्वी नाशिकजवळच्या एका शाळेत दहावीच्या विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग आला. धडा भिंगांचा होता. शिक्षकांनी फळ्यावर लिहिले, ‘भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्त. एकक डायॉप्टर.’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर ना? नववीत होतं. मग भिंग कार्य कधी करतं?” वर्ग हसला. सरही हसले. “ही शक्ती वेगळी,” असे म्हणून त्यांनी पुढचे उदाहरण घेतले. धडा त्या तासात संपवायचा होता, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. पण आमच्या मते त्या तासातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच होता, आणि तो अनुत्तरित राहिला.

त्या मुलीची काही चूक नव्हती. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात शक्तीची व्याख्या तिने नीट लक्षात ठेवली होती. चूक असलीच तर ती आपली, म्हणजे शब्द ठरवणाऱ्यांची, पुस्तके लिहिणाऱ्यांची आणि ते शब्द वापरणाऱ्या आम्हा वैज्ञानिकांचीही आहे. इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द दोन्ही ठिकाणी आला, म्हणून मराठीतही ‘शक्ती’ दोन्ही ठिकाणी बसवली. मूळ इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ आहेत आणि मराठी शब्दाचेही अनेक अर्थ आहेत, याचा विचार मागे राहिला. तो विचार येथे थोडा तपशिलात करू.

इंग्रजीतला ‘पॉवर’

हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की आजी-आजोबाही तो सहज वापरतात. “पाचशे पॉवरची गोळी दे” याचा अर्थ पाचशे मिलिग्रॅमची. “त्याच्या हातात पॉवर आहे” याचा अर्थ अधिकार. “पिक्चरमध्ये पॉवर नाही” याचा अर्थ काहीच ठरवून सांगता येत नाही, पण कळतो मात्र सर्वांना!

शास्त्राच्या पुस्तकांतही हा शब्द असाच भटकतो. यंत्रशास्त्रात ‘पॉवर’ म्हणजे कार्याचा दर. गणितात २ चा पाचवा ‘पॉवर’ म्हणजे पाच वेळा २ घेऊन केलेला गुणाकार. प्रकाशशास्त्रात भिंगाची ‘पॉवर’ म्हणजे प्रकाशकिरण वळवण्याचे माप. दुर्बिणीची ‘पॉवर’ म्हणजे तिचे विशालन, किंवा जवळजवळचे दोन तारे वेगळे दाखवण्याची क्षमता. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर तरफ, कप्पी, उतरण या साध्या यंत्रांनाच ‘यांत्रिक पॉवर’ म्हणत. यांत कार्याचा दर फक्त पहिल्या अर्थात आहे. बाकी ठिकाणी वेळेचा संबंधच नाही.

मराठीने यातले काही अर्थ फार चांगले वेगळे केले आहेत. गणितातल्या ‘पॉवर’ला आपण ‘घात’ म्हणतो. हा शब्द जुना आहे. संस्कृत गणितग्रंथांत ‘घात’ म्हणजे गुणाकार. घात म्हणजे दगाफटका असाही अर्थ मुलांना ठाऊक असतो, त्यामुळे आठवीत घातांक शिकताना पहिल्या दिवशी थोडी थट्टा होते, पण दुसऱ्या दिवसापासून गोंधळ होत नाही. राज्यशास्त्रात ‘सत्ता’, कायद्यात ‘अधिकार’, वकिलाकडे ‘मुखत्यारपत्र’. मालेगावला इंग्रजीत ‘पॉवरलूम’चे गाव म्हणतात, तेथे आपण ‘शक्तिमाग’ केले नाही, ‘यंत्रमाग’ केले. शब्दाऐवजी वस्तूकडे पाहिले की असे चांगले शब्द सुचतात. हातमाग हाताने चालतो, यंत्रमाग यंत्राने. येथे ‘पॉवर’ शब्दाची गरजच उरली नाही.

भौतिकशास्त्रात मात्र आपण असे केले नाही.

मराठीतली ‘शक्ती’

आता मराठी बाजू पाहू. नाशिककरांना ‘शक्ती’ म्हटले की आधी वणीचा सप्तशृंग गड आठवतो, साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ. देवीची शक्ती ही कोणत्याही एककात मोजायची गोष्ट नव्हे. त्याखेरीज स्मरणशक्ती, इच्छाशक्ती, प्रतिकारशक्ती हे शब्द आहेत. यांत शक्ती म्हणजे क्षमता. ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’, ‘चुंबकीय शक्ती’ असे आपण सर्रास बोलतो. तेथे शक्ती म्हणजे बल. ‘अणुशक्ती’ म्हणतो तेव्हा शक्ती म्हणजे ऊर्जा. मुंबईत अणुऊर्जा विभागाच्या लोकांची जी वसाहत आहे तिचे नाव अणुशक्तीनगर! विभागाच्या नावात ऊर्जा, वसाहतीच्या नावात शक्ती, आणि दोन्हींमागे इंग्रजी शब्द एकच. शेवटी ‘अश्वशक्ती’ म्हणतो तेव्हा कोठे शक्ती म्हणजे कार्याचा दर.

म्हणजे क्षमता, बल, ऊर्जा आणि कार्याचा दर असे चार अर्थ एकाच शब्दात राहतात. त्यांतला शेवटचा अर्थ परिभाषेत अधिकृत झाला, पण बोलण्यात तोच सर्वांत दुबळा आहे.

शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर अडचण आणखी स्पष्ट होते. ‘शक्’ या संस्कृत धातूचा अर्थ ‘करू शकणे’. आपले ‘शकणे’ हे क्रियापद त्यातूनच आले. गंमत अशी की इंग्रजी ‘पॉवर’ ज्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला त्याचाही अर्थ ‘करू शकणे’ असाच आहे. तेव्हा भाषांतर म्हणून ‘शक्ती’ हा शब्द अगदी चोख आहे. पण आता पाठ्यपुस्तकातली ऊर्जेची व्याख्या आठवा: ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. क्षमता म्हणजेच करू शकणे, म्हणजेच मूळ अर्थाने शक्ती! मराठी कानाला व्याख्येवरून जी ‘शक्ती’ वाटते, तिला पुस्तक ‘ऊर्जा’ म्हणते. आणि जिला पुस्तक ‘शक्ती’ म्हणते, त्या शब्दात दराचा, वेळेचा मागमूस नाही. मग विद्यार्थी दोन्ही व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर अदलाबदल करतात. यात त्यांची बुद्धी कमी पडत नाही. ते शब्दावर विश्वास ठेवतात, आणि शब्द त्यांना फसवतो.

‘बल’ या शब्दाची कहाणीही सरळ नाही. शाळेत ‘फोर्स’ला ‘बल’ म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘प्रेरणा’ हा शब्द वापरला. दोन्हींमागे विचार आहे, पण पुस्तकातून विश्वकोशाकडे जाणारा जिज्ञासू मुलगा मध्येच अडखळतो. त्यात पुन्हा इंग्रजीने विद्युत घटाच्या बाबतीत ‘इलेक्ट्रोमोटिव्ह फोर्स’ असे नाव दिले. ते बल नव्हेच, ते व्होल्टमध्ये मोजतात. मराठीत त्याचेही ‘विद्युत चालक बल’ झाले. इंग्रजीची चूक आपण शब्दशः उतरवून घेतली.

१८४७ सालची गोष्ट

येथे जुन्या कोशकारांवर खापर फोडण्याचा मोह होतो. तो अन्याय ठरेल. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कॅंडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. पण त्याच्या शीर्षकात ऊर्जा हा शब्द नाही! तेथे ‘क्राफ्ट’ हा जर्मन शब्द आहे, म्हणजे बल. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ज्यूल यांनी मँचेस्टरला व्याख्यान दिले त्यात ते ऊर्जेला ‘जिवंत बल’ म्हणत होते. टॉमस यंग यांनी १८०७ साली ‘एनर्जी’ हा शब्द शास्त्रीय अर्थाने वापरला होता खरा, पण तो रुळायला आणखी काही दशके जावी लागली. रँकिन यांनी १८५३ साली स्थितिज ऊर्जेसाठी नाव सुचवले, तेव्हा कोठे घडी बसू लागली.

म्हणजे आपला कोश छापला जात असताना ज्या भाषांतून ही कल्पना यायची होती, त्या भाषांतच बल, ऊर्जा आणि शक्ती यांची वाटणी पुरी झालेली नव्हती. शब्द आधी आले, अर्थ मागाहून वेगळे झाले. इंग्रजीने आपले घर नंतर आवरले. आपणही पुष्कळ आवरले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश केले, त्यामुळे बल, ऊर्जा, शक्ती, कार्य यांना ठरलेल्या जागा मिळाल्या. आमचा आक्षेप कोशावर नाही. कोशाने नेमलेली जागा वर्गात आणि वर्तमानपत्रात कोणी पाळत नाही, यावर आहे.

धरणाचे पाणी आणि केंद्राची वीज

नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना दर आणि साठा यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. दर पावसाळ्यात ती ऐकतात की गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे, आणि धरणात इतके दशलक्ष घनफूट साठा झाला आहे. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगाला पाणी लागले यावरून विसर्गाचा अंदाज बांधणारे लोक गावात आहेत. ५००० क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर ४३२ दशलक्ष घनफूट पाणी खाली जाते, हा हिशोब आठवीतला मुलगा करू शकतो. क्युसेक हा दर, घनफूट ही राशी. “धरणात ५००० क्युसेक साठा आहे” असे वाक्य छापून आले तर वाचक पत्रे पाठवतील.

आता एकलहऱ्याकडे वळू. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले. मेगावॅट हे शक्तीचे एकक, म्हणजे दर, क्युसेकचा भाऊ. आपल्या वीजबिलावरचे युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे ऊर्जेचे एकक, म्हणजे राशी, घनफुटाचा भाऊ. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर ५०४० मेगावॅट-तास, म्हणजे ५० लाख ४० हजार युनिट वीज तयार होते. तरीही ‘केंद्रातून दररोज ६३० मेगावॅट वीजनिर्मिती’ अशी वाक्ये वारंवार वाचायला मिळतात. ‘दररोज ६३० मेगावॅट’ याला अर्थ नाही. ‘ही बस दररोज ताशी ६० किलोमीटर जाते’ असे म्हणण्यासारखे ते आहे. बस वेगात जाते हे कळले, पण नाशिकहून निघून ती सिन्नरला पोचली की पुण्याला, हे कळत नाही.

हे लिहिणारेच लोक पाण्याच्या बाबतीत मात्र चुकत नाहीत. आम्हाला याचे कारण असे वाटते की पाण्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, विसर्ग आणि साठा. विजेच्या बाबतीत मेगावॅटही ‘वीज’ आणि युनिटही ‘वीज’. दोन वेगळ्या गोष्टींना दोन नावे असली की सामान्य माणूसही बिनचूक बोलतो. एकच नाव असले की जाणताही घसरतो.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे

कोणी म्हणेल, बोलण्यात थोडे इकडे-तिकडे झाले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या गावात कृषिपंप किती अश्वशक्तीचा हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मीटर नसलेल्या पंपांना अनेक वर्षे अश्वशक्तीप्रमाणे बिल येई, मीटर असलेल्यांना युनिटप्रमाणे. पहिला हिशोब शक्तीचा, दुसरा ऊर्जेचा. २०२४ साली राज्य शासनाने जाहीर केलेल्या मोफत वीज योजनेची मर्यादा ७.५ अश्वशक्तीपर्यंतचे पंप अशी ठरवली गेली. ही मर्यादाही शक्तीचीच आहे.

एक साधे गणित करू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ७.५ अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ४५ युनिट ऊर्जा लागते. ३ अश्वशक्तीचा पंप वीस तास चालला तरी तेवढीच! (मोटारीतला अपव्यय धरला तर दोन्ही आकडे थोडे वाढतील.) लहान पंप म्हणजे कमी वीज, हे खरे की नाही ते पंप किती तास चालतो यावर ठरते. ज्याला शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक कळला, तो शेतकरी बिल तपासू शकतो, धोरणावर मत देऊ शकतो, ‘वीज वाचवा’ या घोषणेचा नेमका अर्थ लावू शकतो. ज्याला कळला नाही, त्याला दुसरा सांगेल ते खरे मानावे लागते. दहा मार्कांच्या धड्यापेक्षा हे मोठे आहे.

घरातही हेच. रात्री लावण्याच्या छोट्या दिव्याला आपल्याकडे ‘झिरोचा बल्ब’ म्हणत. नावात शून्य, पण जुन्या प्रकारचा तो दिवा साधारण १५ वॅट घेई. दहा तासांच्या सात रात्रींत एक युनिटाहून अधिक! नावाने हिशोबच पुसून टाकला होता.

मग इंग्रजीत शिकवावे का?

या सगळ्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: विज्ञान इंग्रजीतूनच शिकवा, म्हणजे शब्दांची कटकट संपेल. सेमी-इंग्रजी वर्ग वाढले ते पुष्कळ अंशी याच समजुतीने. पण वर पाहिलेच की इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द भिंगाला, घाताला, विजेला आणि सत्तेला एकच आहे. मराठी मुलाला निदान घात आणि सत्ता वेगळे मिळतात. इंग्रजी माध्यमातली मुले ‘पॉवर’ आणि ‘एनर्जी’ यांत कमी गोंधळतात असा आमचा अनुभव नाही. गोंधळलेला मराठी शब्द टाकून गोंधळलेला इंग्रजी शब्द घेतला, तर गोंधळ जात नाही. तो मुलाच्या लक्षात यायचा मात्र थांबतो. त्या मुलीने प्रश्न विचारला, कारण शब्द तिच्या भाषेतला होता आणि तो दोन ठिकाणी जुळत नाही हे तिला खटकले. परक्या शब्दाला मूल असे अडवत नाही, ते निमूटपणे पाठ करते.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांना देण्यात आले. एका वैज्ञानिकाचा हा मान म्हणजे मराठीत शास्त्र सांगता येते याची पावतीच होती. पण शास्त्र मराठीत सांगता येणे आणि ते रोज बिनचूक सांगणे या दोन गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट संमेलनात होत नाही, ती वर्गात होते.

शिक्षकांना काय करता येईल?

नवा शब्द घडवा, असे आम्ही म्हणणार नाही. ‘शक्ती’ आता पुस्तकात पक्की बसली आहे. पण चार गोष्टी वर्गात सहज करता येतील.

पहिली: ‘शक्ती’ हा शब्द शिकवताना ‘दर’ हा शब्द त्याच्यापासून तोडू नये. निदान पहिला महिना ‘कार्याचा दर, म्हणजे शक्ती’ असे पूर्ण म्हणावे. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल, हे प्रत्येक उदाहरणात उच्चारावे.

दुसरी: बल, ऊर्जा की शक्ती अशी शंका आली की एकक विचारावे. न्यूटन असेल तर बल, ज्यूल किंवा युनिट असेल तर ऊर्जा, वॅट किंवा अश्वशक्ती असेल तर शक्ती. शब्द फसवतो, एकक फसवत नाही. ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’ कशात मोजाल, असे विचारले की विद्यार्थी आपण होऊन ‘बल’ म्हणतात.

तिसरी: भिंगाच्या धड्यात मोकळेपणाने सांगावे की येथला शब्द तोच असला तरी राशी वेगळी आहे. घरी आपण ‘चष्म्याचा नंबर’ म्हणतो, तो शब्द येथे अधिक प्रामाणिक आहे, कारण तो कसलाही खोटा अर्थ सुचवत नाही. नंबर +२ असेल तर नाभीय अंतर अर्धा मीटर, -२.५ असेल तर ४० सेंटिमीटर आणि भिंग अंतर्वक्र. येथे ना कार्य आहे, ना वेळ.

चौथी: आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातली विजेची एक बातमी वर्गात वाचावी आणि मेगावॅट व युनिट नीट वापरले आहे का ते मुलांनी तपासावे. चूक सापडली तर संपादकांना पत्र लिहावे. आपल्या पत्राने बातमी सुधारली असे एकदा झाले, की ती मुले शक्ती आणि ऊर्जा जन्मभर विसरणार नाहीत.

त्या शाळेतून निघताना आम्ही त्या मुलीला गाठले आणि सांगितले, “तुझं बरोबर आहे. भिंग कार्य करत नाही. शब्द चुकीच्या जागी बसला आहे.” तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग बदलत का नाही?” याचे पुरते उत्तर आमच्याकडे नव्हते. निदान तो प्रश्न तिच्या सरांपर्यंत आणि तुम्हां सर्वांपर्यंत पोचावा, म्हणून हे लिहिले.